गाडी ‘येणं’ म्हणजे काय?

मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट सुरू झाली, तेव्हापासून मांडव्याच्या धक्क्यावर आम्ही पुष्कळदा नुसते बघत बसतो. परवा बोटीतून उतरलेली एका तरुणाची गाडी चढावर बंद पडली, मागं सरकली आणि मागच्यांनी हॉर्नचा एकच कल्ला केला. लायसन त्याच्याकडे असणारच. मग त्याला गाडी येत नव्हती का?

‘माहीत असणं’ आणि ‘येणं’ यांत मराठी माणूस सहज फरक करतो. गिल्बर्ट राइल या तत्त्वज्ञानं १९४९ साली नेमका हाच फरक मांडला. नियम पाठ असणं म्हणजे कृती जमणं नव्हे. लर्निंग लायसनची परीक्षा पहिली गोष्ट तपासते. २०२१ पासून ती महाराष्ट्रात घरबसल्याही देता येते. दुसरीसाठी सहसा गाडी घेऊन आरटीओसमोर जावं लागतं.

आता गंमत अशी, की हे ‘येणं’ यंत्राबरोबर बदलतं. पूर्वी कित्येक गाड्यांच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नसे. मग डबल क्लच! क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून जरा अॅक्सिलरेटर, पुन्हा क्लच, तेव्हा कुठं गिअर पडे. नाहीतर दात करकरत. डावीकडे वळायचं तर उजवा हात खिडकीबाहेर काढून घड्याळाच्या उलट फिरवायचा. ओल्या रस्त्यावर ब्रेक थोडाथोडा, सोडूनसोडून दाबायचा. आज एबीएसच्या गाडीत तो दाबूनच धरायचा असतो. म्हणजे आमचं कालचं कौशल्य आज चूक ठरतं, बरं का!

१९८९ च्या केंद्रीय नियमांतल्या १५ व्या नियमात मात्र चढ-उतारावर गाडी सुरू करून चालवणं आणि अरुंद जागेत मागं घेणं, दोन्ही आहे. पण ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली तर? ब्रिटनमध्ये मग क्लचची गाडी चालवता येत नाही. आपल्याकडे विनागिअर दुचाकीचा वर्ग वेगळा आहे, मोटारीला तसा भेद नाही. आम्हाला ही उणीव वाटते.

असो. आम्ही त्या मुलाजवळ गेलो. म्हटलं, “हँडब्रेक ओढ. क्लच हळू सोड, जरा रेस दे. गाडीनं नाक उचललं की हँडब्रेक सोड.” दुसऱ्या खेपेला चढली.

“काका, गाडी मित्राची आहे,” तो ओशाळून म्हणाला. “आमच्याकडे ऑटोमॅटिक आहे.”