यात्रा जगाची, कारभार कोणाचा?

फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नांदेड गुरुद्वारा मंडळासाठी नव्या कायद्याला मंजुरी दिली. 17 पैकी 12 सदस्य सरकारने नेमायचे, अशी त्यात तरतूद. शीख समाज रस्त्यावर उतरला, अमृतसरहूनही निषेध झाला आणि सरकारला माघार घ्यावी लागली. कायदा थांबला, सल राहिलाच. नांदेडचे मोल शिखांना मोठे: 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगांनी इथे देह ठेवला, महाराजा रणजितसिंगांनी हजूर साहिब या तख्ताची, म्हणजे धर्मपीठाची, वास्तू उभारली, हैदराबाद राज्याने 1956 मध्ये गुरुद्वाऱ्याचा कायदा केला. पुढची पन्नास वर्षे मुंबईच्या लेखी नांदेड आडवाटेलाच होते.

ते बदलले 2008 मध्ये. गुरुता गद्दीच्या, म्हणजे गुरुपद गुरू ग्रंथसाहिबाकडे सोपवल्याच्या, त्रिशताब्दीसाठी केंद्राचा निधी आला. विमानतळाचा विस्तार झाला; रुंद रस्ते, गोदावरीचे घाट, यात्री निवास झाले. कॅनडा-इंग्लंडातल्या भाविकांना हजूर साहिब जवळ आले, हा जागतिकीकरणाचा निर्विवाद लाभ. मात्र त्यानंतरच्या दशकात इथल्या दखनी शिखांवर दोन्हीकडून दाब आला. इथे रोज गोदावरीचे पाणी गागरीतून आणून तख्ताला स्नान घालतात, गुरू ग्रंथसाहिबासोबत दसम ग्रंथाचाही प्रकाश (विधिपूर्वक उघडून मांडणे) होतो, दिव्यांची आरती होते, दसऱ्याला बकऱ्याचा झटका पद्धतीने बळी दिला जातो. हे सारे अमृतसरच्या रहत मर्यादेत, म्हणजे आचारसंहितेत, बसत नाही. पडद्यावर जगभर दिसणारा शीख धर्म बहुधा एकाच साच्याचा. त्यामुळे हजूर साहिबची शतकांची परंपरा, हजुरी मर्यादा, परक्यांना चूक वाटू लागली. दुसरीकडे, तख्ताचे महत्त्व वाढले तसा सत्तेचा रसही वाढला. 2015 मध्ये कायदा दुरुस्त करून मंडळाचा अध्यक्ष नेमण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला.

जनतेचा पैसा ओतला तर देखरेख नको का, असे विचारले जाते. हवीच. पण ती हिशेबतपासणीने होते. अध्यक्ष नेमून होतो तो ताबा. स्थानिक मंडळात गटबाजी आहे, हेही खोटे नाही. गटबाजी तर सहकारी साखर कारखान्यांतही आहे. म्हणून सभासदांचा मताधिकार कोणी रद्द करत नाही. राज्यघटनेचे कलम 25 व्यक्तीला उपासनेचे स्वातंत्र्य देते, कलम 26 धर्मसंप्रदायाला आपल्या धर्मविषयक बाबी सांभाळण्याचे. जागतिकीकरणाने पहिल्याची वाट रुंद केली आणि त्या झगमगाटात दुसऱ्याचा संकोच खपून गेला. सरकारने 2015 ची दुरुस्ती रद्द करावी, मंडळात निवडून आलेल्यांचे बहुमत ठेवावे आणि मर्यादेचा निर्णय हजुरी संगतीवर सोडावा. एवढे होत नसेल तर नुसत्या विमानतळाला धर्मस्वातंत्र्य म्हणू नये.