डिजिटल पिढी आणि ख्रिस्ती युवासेवा

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांच्या हातात शाळेत असतानाच स्मार्टफोन आला असेल. अशा पिढीपर्यंत एखादी जुनी संस्था कशी पोहोचते? ख्रिस्ती युवासेवेच्या उदाहरणातून आपण हा प्रश्न समजून घेऊ.

१. युवासेवा म्हणजे काय?

किशोरवयीन मुलामुलींच्या श्रद्धेची जडणघडण व्हावी म्हणून चर्च जे नियमित काम करते, त्याला युवासेवा म्हणतात. बायबल अभ्यास, गायन, शिबिरे, समाजसेवा आणि एखाद्या जाणत्या माणसाची सोबत, हे तिचे मुख्य घटक. इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे १७८० मध्ये वृत्तपत्रचालक रॉबर्ट रेक्स यांनी गरीब मुलांसाठी रविवारची शाळा सुरू केली. १८४४ मध्ये लंडनला कापडाच्या दुकानात काम करणाऱ्या जॉर्ज विल्यम्स यांनी सोबत्यांसह वायएमसीए स्थापन केली. हे दोघेही धर्मगुरू नव्हते. तरुण कुठे असतात आणि कधी मोकळे असतात, हे पाहून त्यांनी काम उभे केले. आज तेच तत्त्व लावले, तर युवासेवकाला पडद्यापर्यंत जावे लागते.

२. साधन कसे बदलले?

अमेरिकेतील लाइफ चर्चने २००८ मध्ये यूव्हर्जन हे मोफत बायबल ॲप आणले. त्यात मराठीसह अनेक भाषांतील बायबल वाचता येते. ‘कार्लो अकुटिस’ हे नावही लक्षात ठेवा. १९९१ मध्ये जन्मलेल्या या इटालियन मुलाने ख्रिस्तप्रसादाशी संबंधित चमत्कारांची माहिती गोळा करून तिचे संकेतस्थळ तयार केले. २००६ मध्ये, वयाच्या १५ व्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने त्याचे निधन झाले. ७ सप्टेंबर २०२५ रोजी कॅथलिक चर्चने त्याला संत घोषित केले. येथे किशोर हा केवळ श्रोता नाही, तो स्वतः आशय घडवणारा आहे. हा बदल महत्त्वाचा आहे.

३. मर्यादा कुठे येते?

मार्क प्रेन्स्की यांनी २००१ मध्ये ‘डिजिटल नेटिव्ह’ ही संज्ञा रूढ केली. पण साधन सफाईने वापरता येणे आणि ते आपल्यावर काय परिणाम करते हे कळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक कल्पित उदाहरण घ्या. एक मुलगा शंभर दिवस न चुकता ॲपवर बायबलचा उतारा उघडतो, गटात रोज वचन टाकतो. पण घरात कोणाशी बोलत नाही, नीट जेवत नाही. ॲपच्या नोंदीत तो उत्तम वाचक आहे. त्याचा उतरलेला चेहरा मात्र समोर बसलेल्या माणसालाच दिसतो. मोजता येते ते नेहमीच महत्त्वाचे नसते, हे अभियांत्रिकीतही आपण शिकतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ च्या ‘ख्रिस्तुस विविट’ या पत्रात कार्लोचा आदर्श सांगितला. त्याच पत्रात डिजिटल जगातील एकटेपणा आणि शोषण यांविषयी सावधही केले.

४. सुरक्षिततेचे नियम

रात्री उशिरा खासगी संदेशातून मुले मन मोकळे करतात. हा विश्वास मोलाचा आहे, आणि त्याचा गैरवापरही होऊ शकतो. म्हणून मुलांशी संवाद शक्यतो दोन जबाबदार प्रौढ असलेल्या गटात व्हावा, पालकांना त्याची कल्पना असावी आणि जिवाला धोका असल्याचे कळल्यास ‘गुपित ठेवीन’ असे वचन देऊ नये. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे आणि त्यांची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे.

थोडक्यात, फोन मुलाला दारापर्यंत आणू शकतो. दार उघडून ‘ये, बस’ म्हणायला माणूसच लागतो.

विचार करा: तुमच्या परिसरातील एखादी संस्था, मग ती कोणत्याही धर्माची असो वा निधर्मी, किशोरांशी संपर्क कसा ठेवते? त्यातले काय मोजले जाते आणि काय नजरेतून सुटते?