किनाऱ्याचे राखणदार

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या किल्ल्यापासून थोड्याच अंतरावर वेळास हे गाव आहे. इतिहास वाचणाऱ्यांना ते नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून ठाऊक असतं. गेल्या दोन दशकांत मात्र महाराष्ट्रभरच्या लोकांना ते समुद्री कासवांमुळे माहीत झालं. उन्हाळा लागू लागला की पुण्या-मुंबईहून कुटुंबंच्या कुटुंबं इथे येतात आणि तळहातावर मावेल एवढं पिल्लू पुळणीवरून समुद्राकडे सरकताना पाहून परततात. ते पिल्लू तिथवर पोचावं म्हणून त्याआधी दोन-तीन महिने गावातली माणसं काय करतात, हे फार थोड्यांना दिसतं. पर्यावरणाचं काम कशानं टिकतं, हे मला त्या न दिसणाऱ्या महिन्यांमधूनच शिकण्यासारखं वाटतं.

गरुडाच्या मागावर, कासवापाशी

चिपळूणची 'सह्याद्री निसर्ग मित्र' ही संस्था १९९२ पासून काम करते. २००२ मध्ये भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडांच्या घरट्यांची पाहणी करत किनाऱ्यानं फिरत होते. वेळासला त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. गावात चौकशी केल्यावर कळलं, की कासवं इथे दर वर्षी येतात आणि अंडी बहुतेक वेळा माणसं काढून नेतात. खाण्यासाठी, विकण्यासाठी. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. आपल्या देवळांच्या सभामंडपात दगडी कासव असतं, आपण त्याला नमस्कार करून पुढे जातो. किनाऱ्यावर येणारं जिवंत कासव मात्र कुणाच्या खिजगणतीत नव्हतं.

ही कासवं ऑलिव्ह रिडले जातीची. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्यांचं नाव आहे, म्हणजे वाघाला आहे तेवढंच कायद्याचं संरक्षण त्यांनाही आहे. पण रात्री दोन वाजता पुळणीवर कायदा उभा नसतो. तिथे कोण उभं राहणार, हा खरा प्रश्न होता. संस्थेनं त्याचं उत्तर गावातच शोधलं. लोकांशी बोलून, शाळांमध्ये माहिती देऊन, गावातल्याच माणसांना सोबत घेऊन काम सुरू झालं. त्या पहिल्या हंगामात वेळासला ५० घरटी राखली गेली आणि २,७३४ पिल्लं समुद्रात गेली.

मला यात सर्वांत मोलाची गोष्ट ही वाटते, की अंडी शोधून काढण्याची नजर गावात आधीपासून होती. मादी कुठून चढली, कुठे थांबली, वाळू कुठे भुसभुशीत लागते, हे अंडी काढणाऱ्यांना नेमकं ठाऊक असायचं. त्या माणसांना गुन्हेगार ठरवून बाजूला सारलं असतं तर ते ज्ञानही त्यांच्याबरोबर गेलं असतं. तेच ज्ञान राखणीला लावणं, यातच निम्मं काम झालं.

पहाटेची फेरी

पश्चिम किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबर ते मार्च हा कासवांचा अंडी घालण्याचा काळ. मादी रात्री भरतीच्या रेषेच्या वर चढते, मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी दीडेक फूट खोल खड्डा करते आणि त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते. खड्डा तोंडाशी अरुंद, तळाशी रुंद. मग वाळू लोटून, अंगानं दाबून ती निघून जाते. पुन्हा त्या घरट्याकडे ती फिरकत नाही.

राखणदाराचं काम तिथून सुरू होतं. त्याला आता कोकणभर 'कासवमित्र' म्हणतात. उजाडण्याआधी तो किनारा चालून काढतो आणि वाळूतला माग शोधतो. माग वाचायलाही कौशल्य लागतं, कारण मादी कधी कधी अंडी न घालताच परत फिरते. घरटं सापडलं की अंडी अलगद काढून कुंपण घातलेल्या सुरक्षित जागेत, म्हणजे हॅचरीत नेतात. तिथे तेवढ्याच खोलीचा, त्याच आकाराचा खड्डा करून ती ठेवतात. हे सगळं काही तासांत उरकावं लागतं. अंड्यातला गर्भ लवकरच कवचाला आतून चिकटतो. त्यानंतर अंडं उलटसुलट झालं तर तो दगावतो. म्हणून उशिरा उठून चालत नाही, आणि आज कंटाळा आला, उद्या बघू, असंही चालत नाही.

पुढचे ४५ ते ६० दिवस वाळूची ऊब अंडी उबवते. ही ऊब नुसती पिल्लं वाढवत नाही, त्यांचं लिंगही ठरवते. जास्त गरम वाळूत माद्या निपजतात, तुलनेनं थंड वाळूत नर. तापमान वाढत गेलं तर हा तोल बिघडण्याचा धोका आहे, आणि म्हणूनच हॅचरीत सावली किती, घरटी किती अंतरावर, याकडे बारीक लक्ष द्यावं लागतं. अंडी उचलणं हा नाइलाजाचा उपाय आहे. कोल्हे, कुत्री, भरतीचं पाणी आणि माणूस यांचा धोका नसेल, तर घरटं जिथे आहे तिथेच राखणं केव्हाही चांगलं.

दिवस भरत आले की घरट्यांवर टोपल्या झाकतात. सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून पाहायची, पिल्लं वर आली असतील तर मोजायची, नोंद करायची आणि पाण्यापासून थोडं अलीकडे वाळूत सोडायची. थेट पाण्यात सोडत नाहीत. ते अंतर पिल्लांनी स्वतः चालणं गरजेचं मानलं जातं. पिल्लं उजळ क्षितिजाकडे ओढली जातात. किनाऱ्यावर दिवे प्रखर असतील तर ती समुद्राऐवजी रस्त्याकडे वळतात.

महोत्सव आणि चूल

२००६ पासून वेळासला कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरातच राहतात, त्यांच्या ओटीवर जेवतात, आणि राहण्या-जेवण्याचे पैसे त्या घरात जातात. ही व्यवस्था साधी आहे, पण तिनं किनाऱ्याचं गणित बदललं. पूर्वी कासवाचं घरटं एकदाच कुणाच्या तरी हाती लागायचं. आता ते सुखरूप उबलं, तर त्याचा लाभ दर वर्षी अनेक चुलींना होतो. त्या चुली चालवणाऱ्या बायका या कामात तितक्याच सहभागी आहेत, जितका पहाटे चालणारा कासवमित्र.

पाहुण्यांकडूनही शिस्तीची अपेक्षा असते. दोरीच्या मागे उभं राहायचं, फ्लॅश मारायचा नाही, पिल्लाला हात लावायचा नाही. आणि ज्या दिवशी पिल्लं निघणार नाहीत, त्या दिवशी तक्रार करायची नाही.

पुढे हे काम वनविभाग आणि गावकऱ्यांनी हाती घेतलं, आणि आंजर्ले, केळशी, गुहागर अशा अनेक किनाऱ्यांवर कासवमित्र उभे राहिले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव' या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा कोकणातलं हे काम अनेक घरांत पहिल्यांदा पोचलं.

किनाऱ्यापलीकडे

जानेवारी २०२२ मध्ये वेळासला अंडी घालून परतणाऱ्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं गेलं. पश्चिम किनाऱ्यावरचा हा पहिलाच प्रयोग, म्हणून तिचं नाव 'प्रथमा'. त्याहून थक्क करणारी बातमी २०२५ मध्ये आली. मार्च २०२१ मध्ये ओडिशात भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागानं ०३२३३ क्रमांकाचा बिल्ला लावलेली मादी गुहागरला अंडी घालताना आढळली. सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचा प्रवास. ओडिशात गहिरमाथा, ऋषिकुल्या इथे हजारो माद्या एकाच वेळी येतात. आपल्याकडे त्या एकेकट्या येतात. हे दोन किनारे परस्परांपासून वेगळे आहेत असं मानलं जायचं. एका बिल्ल्यानं आणि तो वाचणाऱ्या माणसानं तो समज हलवला.

पण समुद्रात कासवाची राखण कोण करणार? हजार पिल्लांतून जेमतेम एखादं प्रौढ होतं, असा अंदाज सांगितला जातो. मोठी झालेली कासवं मासेमारीच्या जाळ्यांत अडकून, श्वास घ्यायला वर न येता आल्यानं मरतात. इथे मच्छीमाराला दोष देऊन भागत नाही. जाळं कापलं तर त्याचं पोट कापलं जातं. राज्य शासनानं २०१८ मध्ये एक चांगली योजना आणली. संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. वेळासला जो विचार पुळणीवर झाला, तोच इथे खोल पाण्यात नेलेला आहे: ज्याच्या हाती प्राण्याचा जीव आहे, त्याचं नुकसान होऊ द्यायचं नाही.

आपापल्या गावात ओढा, टेकडी, देवराई किंवा तळं राखू पाहणाऱ्यांनी वेळासकडून तीन गोष्टी जरूर घ्याव्यात. त्या जागेची जाण ज्यांना आधीपासून आहे, त्यांच्यापासून सुरुवात करावी, मग आज ते तिचा वापर कसाही करत असोत. रोजची नोंद ठेवावी, कारण पहिल्या हंगामाच्या आकड्यांशिवाय विसाव्या हंगामाला काही अर्थ उरत नाही. आणि काम गावाच्या हाती सोपवायची तयारी पहिल्या दिवसापासून ठेवावी. एकदिवसीय स्वच्छता मोहिमा, वृक्षारोपणाचे कार्यक्रम चांगलेच, पण त्यांच्या दुसऱ्या दिवशी तिथे कोण जाणार हे ठरलेलं नसेल तर त्यांचा उपयोग फोटोपुरता राहतो.

आणि आपण, दोन दिवसांसाठी जाणारे पाहुणे? आपण गावातल्या घरीच उतरावं, पैसे तिथेच खर्च करावेत, किनाऱ्यावरचे दिवे कमी करण्याची मागणी हॉटेलवाल्यांकडे आणि ग्रामपंचायतीकडे करावी. कासवमित्रांना हंगामाचं मानधन पुरेसं आणि वेळेवर मिळावं, यासाठी लोकप्रतिनिधींना विचारत राहावं. कुणीतरी रोज पहाटे उठून आपल्या सगळ्यांच्या वतीनं किनारा चालतो आहे. त्या चालण्याची किंमत चुकती करणं ही आपली जबाबदारी आहे.