धावत्या घरातली ज्योत

अमेरिकेत अनेक कुटुंबे सुट्टीला राहण्या-रांधण्याची सोय असलेली गाडी घेऊन निघतात. त्यातला फ्रिज बहुधा प्रोपेन गॅसवरही चालतो. ज्योतीच्या उष्णतेने अमोनिया नळ्यांतून फिरतो नि आत गारवा होतो. ही युक्ती १९२२ साली स्वीडनच्या प्लाटेन व मुंटर्स या विद्यार्थ्यांची.

पण गाडी धावताना ज्योत पेटती ठेवावी काय? पेट्रोलपंपावर वाफ असते, अपघातात नळी तुटू शकते. बाल्टिमोरच्या बंदराखालील बोगद्यात तर प्रोपेनवाहू गाड्यांना मज्जाव आहे.

आम्ही म्हणतो, निघण्यापूर्वी रात्रभर फ्रिज गार करावा, गॅस बंद करावा, दार उघडू नये. चार तास दूध टिकते. आजीच्या इन्सुलिनसाठी मात्र बॅटरीवरची सोय आधीच पाहावी. थंड दुधापेक्षा लेकरांचा जीव मोलाचा!