चालणारा हंसराज

नेच्याला फूल नाही, बीही नाही. मग त्याचा वंश पसरतो कसा? महाबळेश्वरच्या जांभ्याच्या ओल्या दरडींवर पावसाळ्यात वाढणारा हंसराज दोन वाटा धरतो. पानांच्या दुमडलेल्या कडांखालची धुळीसारखी बीजुके वाऱ्याबरोबर दूर जातात. पण पुढे फलन होण्यास पाण्याचा थर लागतो, कारण पुंबीज पोहतच स्त्रीबीजाला गाठते. दुसरी वाट आखूड, पण खात्रीची. पानाचा काळाभोर दांडा शेंड्याशी लांबतो, वाकून मातीला टेकतो. तेथे मुळे फुटून नवे रोप उभे राहते. असा हा नेचा पावलापावलाने चालतो. मे महिन्यात येणाऱ्या पाहुण्यांना तो दिसत नाही. पाने वाळून गेलेली असतात, जिवंत खोड तेवढे मातीत असते. म्हणून उन्हाळ्यात ओसाड दिसणारी दरड तासण्यापूर्वी एक पावसाळा ती पाहावी.