काळ्या-पांढऱ्या फोटोलाही रंग वाहता हवा

जुन्या साड्यांच्या काठांचे काळे-पांढरे फोटो कारागिरांना देण्यासाठी आम्ही दुकानात इंकजेट प्रिंटर ठेवला आहे. रमजानच्या गर्दीत तो महिनाभर बंद राहिला. ईदनंतर पहिलाच फोटो हिरवट निघाला. आम्ही घाईघाईने लागोपाठ चार वेळा हेडची सफाई केली. शाई भराभर उतरली, फोटो हिरवटच! हा इस्राफ आमच्याच गफलतीचा. रात्रभर थांबून पुन्हा एकदा सफाई केली, तेव्हा कुठे रंग ताळ्यावर आला.

कारण असे की, चकचकीत कागदावर राखाडी छटा बहुतेक साध्या प्रिंटरांत निळी, गुलाबी व पिवळी शाई मिसळून तयार होते. गुलाबीची छिद्रे तुंबली की फोटो हिरवट दिसतो. ही छिद्रे केसाहून बारीक असतात. नुसती काळी बिले छापत राहिल्यास रंगांची शाई जागच्या जागी वाळते.

म्हणून व्यापारी बांधवांनी दर जुम्याला नोझल तपासणीचा एक कागद व एक लहान रंगीत चित्र छापावे. प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद करावा, म्हणजे हेड झाकणावर जाऊन बसते व छिद्रे उघडी राहत नाहीत. भिंतीवरचे बटण आधी दाबू नये. शाई संपू देऊ नये. तपासणीत रेषा तुटल्या तर एकदाच सफाई करून पुन्हा तपासावे. फरक नसल्यास काही तास थांबावे.

आठवड्याला दोन कागद खर्ची पडतात, पण नव्या हेडचा खर्च टळतो.