ठिणगी कुठे अडली?

गणपतीला चार दिवस उरले की मालवण, तारकर्ली, देवबाग भागातल्या घरांत चाकरमानी उतरू लागतात आणि मांगरात पावसाळाभर झाकून ठेवलेली जुनी मोटारसायकल अंगणात येते. आमचीही आली. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली येझदी. किकचा आणि गिअरचा दांडा एकच. (तो कारखाना १९९६ साली बंद पडला.) वीस-पंचवीस किका मारल्या तरी इंजिन बोलेना. एक मेकॅनिक बोलावला. त्याने उभ्याउभ्याच निकाल दिला, "बॅटरी गेली, कॉइलय गेली. दोनय नवीन घाला, नायतर भंगारात देवन टाका." गाडी वडिलांची. आई काही न बोलता आत गेली. मग ठरवले, निकाल देण्याआधी साक्षीपुरावा तरी पाहू.

विद्यार्थी मित्रहो, आधी ठिणगी कशी पडते ते पाहू. बॅटरी फक्त सहा व्होल्टची; प्लगच्या फटीत ठिणगी उडवायला मात्र दहा-वीस हजार व्होल्ट लागतात. ही किमया कॉइलची. तिच्यात जाड तारेचे थोडे वेढे आणि बारीक तारेचे हजारो वेढे एकाच लोखंडी गाभ्याभोवती असतात. पॉइंट मिटलेले असताना जाड तारेतून प्रवाह वाहतो व चुंबकीय क्षेत्र तयार होते. पॉइंट उघडताच प्रवाह तुटतो, क्षेत्र कोसळते आणि फॅरेडे यांनी १८३१ साली दाखवून दिलेल्या प्रवर्तनाने बारीक तारेत प्रचंड दाब निर्माण होतो. प्रवाह झटकन तुटावा, पॉइंटवरच ठिणगी उडून शक्ती वाया जाऊ नये, म्हणून शेजारी कंडेन्सर बसवलेला असतो. अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग यांनी १९१०च्या सुमारास मोटारींत रूढ केलेली ही रचना पुढे कित्येक दशके टिकली.

आता तपास. पहिली संशयित बॅटरी. शिसे-आम्लाची बॅटरी नुसती उभी राहिली तरी हळूहळू उतरते, उकाड्यात अधिकच लवकर. ती रात्रभर चार्ज केली, मग हायड्रोमीटरने तिन्ही घरांतल्या आम्लाची घनता पाहिली. तिन्ही १.२६च्या आसपास. एखादेच घर फार खाली असते, तर बॅटरी खरोखर गेली असे म्हणता आले असते. (आम्ल डोळ्यांना घातक, चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तेव्हा जवळ काडी ओढू नका.)

मग पेट्रोलचा कॉक बंद करून प्लग काढला, टोपीत बसवून त्याची धातूची बाजू इंजिनाला टेकवली आणि किक मारली. ठिणगी पडली, पण पिवळट, मरतुकडी. निळी, चटचट आवाज करणारी हवी होती.

खरी गंमत पुढे आहे. पॉइंट मिटलेले ठेवून मल्टीमीटर लावला. बॅटरीच्या टोकांवर ६ व्होल्ट, कॉइलच्या टोकांवर मात्र ४.५! दीड व्होल्ट वाटेत कोणी खाल्ले? कॉइलचा रोध दीड ओहम, म्हणजे प्रवाह ३ अँपिअर. त्यावरून वाटेतला चोरटा रोध अर्धा ओहम. एवढासा? पण तो नसता तर प्रवाह ४ अँपिअर झाला असता. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. तीन-चतुर्थांशाचा वर्ग नऊ-सोळांश. म्हणजे ठिणगीची जवळजवळ निम्मी ताकद गेली. तीन ओहमची कॉइल असलेल्या बारा व्होल्टच्या गाडीत हाच अर्धा ओहम फक्त चौथा हिस्सा खातो. सहा व्होल्टच्या गाड्या किनाऱ्यावर अधिक रुसतात त्या उगाच नव्हे.

चोर सापडला बॅटरीखाली. अर्थची तार चेसिसला जिथे बोल्टने आवळलेली होती, तिथे वरून सारे ठीक दिसत होते. बोल्ट काढला तर आत गंज आणि हिरवा थर. समुद्राच्या वाऱ्याबरोबर मिठाचे कण येतात. पावसाळ्यात स्वयंपाकघरातले मीठ पाणी सुटून ओले होते ना? तसेच हे कण धातूवर बसून हवेतली वाफ ओढतात आणि तिथे एक चिमुकला विद्युतघटच तयार होतो. तांबे हिरवे पडते, लोखंड गंजते.

पॉलिश पेपरने जागा चकचकीत होईपर्यंत घासली. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी-निळी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतली. फसफसले, म्हणजे आम्ल मेले. कोरडे करून व्हॅसलीन फासले. पॉइंट साफ करून फट ०.४ मिलिमीटर केली. कॉइलवर आता ५.८ व्होल्ट.

तिसऱ्या किकला गाडी धडाडली. पडवीत आई येऊन उभी राहिली होती. वेग वाढवताच हेडलाइटजवळचा लाल दिवा विझला. डायनॅमोही बॅटरी भरत होता. कॉइल जुनीच, बॅटरीही जुनीच. यंदा मात्र पावसाळ्याआधी बॅटरी काढून घरात ठेवायची आणि महिन्यातून एकदा चार्ज करायची, असे ठरले आहे.